नेकारकाठचे परदेशी पोपट

श्टुटगार्टमध्ये, नेकार नदीच्या तीरावरील रोझेनश्टाइन उद्यानात, १९८४ च्या सुमारास पिंजऱ्यातून सुटलेला एक पीतमस्तक अ‍ॅमेझॉन पोपट दिसू लागला, आणि मेक्सिको-बेलीझच्या उष्ण प्रदेशातील हा जीव १९८५ च्या जानेवारीतील कडाक्याच्या थंडीतूनही तगला. पुढे जोडीदार मिळाला, वंश वाढला, आणि आज सुमारे पन्नासांचा हा थवा जुन्या चिनारांच्या ढोलींत वीण घालतो. पोपट थंडीने मरतो ही आपली समजूत अर्धीच खरी; पोट भरलेले असेल, तर पिसांचा अंगरखा पुष्कळ निभावून नेतो, आणि हिवाळ्यात झाडांच्या कळ्या व नगराची किंचित अधिक ऊब या परक्या रयतेला मदत करतात. आपल्याकडचा कंठवाला पोपटही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून कोलोनमध्ये ठाण मांडून आहे. नवल हे, की मूळ मुलुखात जंगलतोड व पक्षिव्यापार यांनी अ‍ॅमेझॉन संकटग्रस्त झाला असताना, हिमाच्या सरहद्दीवर मात्र त्याची वस्ती टिकली आहे.