उचलणारे पहिले हात

अपघाताच्या ठिकाणी जखमी माणसाला उचलण्यासाठी जे हात सर्वप्रथम पुढे होतात, ते बहुधा डॉक्टरांचे नसतात. ते वाटसरूंचे असतात, शेजाऱ्यांचे असतात, कधी घरच्याच माणसांचे असतात. त्या हातांमागची करुणा खरी असते. परंतु पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाच्या बाबतीत केवळ करुणा पुरेशी ठरत नाही. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कण्याच्या मणक्यांमधील पोकळीतून खाली उतरतो. मणका मोडला, पण मज्जारज्जू शाबूत राहिला, तर माणूस पुन्हा चालू लागण्याची आशा असते. मोडलेला मणका सरकून मज्जारज्जू चिरडला गेला, तर दुखापतीच्या खालचे अंग लुळे पडते. आणि तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय आजही वैद्यकशास्त्राच्या हाती आलेला नाही. म्हणूनच अपघातस्थळापासून इस्पितळाच्या दारापर्यंतच्या प्रवासाचा इतिहास आपण जाणून घ्यावा असा आहे.

या दुखापतीचे एक अतिशय जुने वर्णन प्राचीन इजिप्तमधले आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. जेम्स हेन्री ब्रेस्टेड या विद्वानाने १९३० साली त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास लिहिलेल्या या पपायरसात ४८ रुग्णांची हकिकत आहे. त्यांतील एकाच्या मानेचा मणका निखळला आहे. त्याला हातापायांची जाणीव उरलेली नाही आणि लघवी आपोआप ठिबकते आहे. दुसरा डोक्यावर आपटला असून त्याच्या मानेचा एक मणका दुसऱ्यात रुतला आहे. निरीक्षण थक्क करणारे आहे. मात्र ते नोंदवून झाल्यावर वैद्य हे दुखणे उपचारापलीकडचे ठरवतो आणि थांबतो.

ग्रीक वैद्य थांबले नाहीत. वाकलेला कणा सरळ करण्यासाठी रुग्णाला शिडीला बांधून ती शिडी उंचावरून खाली आदळण्याची एक रीत त्या काळी रूढ होती. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, सांध्यांविषयीच्या ग्रंथात या रीतीचे वर्णन आहे. तसाच तिच्याविषयीचा तिटकाराही आहे. जमावाला थक्क करू पाहणारे वैदूच हा मार्ग धरतात, असे तो ग्रंथकार बजावतो. काहीतरी केलेच पाहिजे या आवेगाने रुग्णाचा घात होऊ शकतो, हे भान इतके जुने आहे.

पुढे शतके लोटली, पण स्थिती फारशी पालटली नाही. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रज नौसेनापती नेल्सन यांच्या खांद्यातून शिरलेली गोळी कण्यात जाऊन रुतली. त्यांच्या माणसांनी त्यांना उचलून जहाजाच्या तळाकडील भागात नेले. छातीखालची संवेदना गेल्याचे नेल्सन यांना स्वतःलाच उमगले होते. जहाजावरील शल्यवैद्य विल्यम बीटी यांच्यापाशी उपाय नव्हता, आणि सुमारे तीन तासांनी नेल्सन यांनी प्राण सोडला. कितीही जपून उचलले असते, तरी त्यांचे प्राण वाचले नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एक नवी कल्पना मूळ धरू लागली: सामान्य माणसालाच प्रथमोपचार शिकवावा. अकराव्या शतकात जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी इस्पितळ चालविणाऱ्या संत योहानाच्या संघाच्या परंपरेचे नाव घेऊन १८७७ साली इंग्लंडमध्ये सेंट जॉन अॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. खाणकामगार, रेल्वे कामगार, पोलीस यांच्यासाठी तिचे वर्ग भरू लागले. खाणीत छत कोसळून पाठ मोडलेल्या सोबत्याला कसे उचलावे, हे आता त्याच्या शेजारी काम करणारा माणूस शिकू लागला.

तरीही कण्याच्या दुखापतीविषयीची निराशा ओसरली नव्हती. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावले. हे चित्र पालटण्यात मोठा वाटा लुडविग गुटमान यांचा होता. नाझी राजवटीच्या छळामुळे जर्मनी सोडून १९३९ साली इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेले हे यहुदी डॉक्टर. १९४४ साली स्टोक मॅण्डेव्हिल येथे त्यांच्याकडे कण्याच्या रुग्णांचा स्वतंत्र विभाग सोपविण्यात आला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्री-अपरात्रीही बदलायची, हा त्यांचा दंडक होता. रुग्ण जगू लागले. १९४८ साली चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ रुग्णांनी तेथील हिरवळीवर धनुर्विद्येच्या स्पर्धेत भाग घेतला. आजच्या पॅरालिम्पिक स्पर्धांचा उगम तो.

पहिल्या तासाच्या प्रश्नाला खरे महत्त्व आले ते यानंतर. रुग्ण दगावणारच असेल, तर त्याला कसे उचलले याचा हिशेब कोण ठेवणार? तो पुढे कित्येक वर्षे जगणार असेल, तर मात्र पहिल्या काही मिनिटांत वाचलेली हाताच्या बोटांची हालचालही अनमोल ठरते. १९६६ साली कॅनडातील गाइसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९५८ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी २९ जणांना अपघातानंतर उशिराने लुळेपणा आला होता, आणि दुखापत वेळीच न ओळखता कणा असुरक्षित राहिल्याने असे घडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी अमेरिकेतील एका राष्ट्रीय अहवालाने उघड केले, की देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक चालवीत होते. कारण आडवे झोपवून नेण्याजोगी गाडी त्यांच्याकडेच असे! पुढल्याच वर्षी फॅरिंग्टन या अस्थिशल्यचिकित्सकाने मोडक्या मोटारीतून जखमीला फळीच्या आधाराने बाहेर कसे काढावे, यावर लेख लिहिला. हळूहळू लांब फळी, मानेचा ताठ पट्टा आणि आवळून बांधलेले पट्टे हा जणू जगभरचा नियम झाला.

येथेही अतिरेक झालाच. कडक फळीवर तासन्‌तास बांधून ठेवलेल्या माणसाला वेदना होतात, श्वास घ्यायला जड जाते, त्वचेवर दाबाचे व्रण पडतात. १९९८ साली हॉसवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलेशियातील १२० आणि अमेरिकेतील ३३४ रुग्णांची तुलना केली. मलेशियातील एकालाही वाटेत बांधलेले नव्हते, तरीही लुळेपणाचे प्रमाण तेथे अधिक आढळले नाही. उलट कमी होते. दोन देशांतील परिस्थिती भिन्न, म्हणून या अभ्यासाने वादाचा निकाल लागला नाही. पण फळीवरचा अंधविश्वास ढळला. २००० साली ३४,०६९ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासाने आणि २००१ साली कॅनडातील अभ्यासाने, कोणाच्या मानेचे क्ष-किरण चित्र काढण्याची गरज नाही, हे ठरविण्याचे निकष दिले. आज तज्ज्ञ ‘जखडून ठेवणे’ या शब्दांऐवजी ‘हालचाल मर्यादित ठेवणे’ असे म्हणतात. गोळी वा भोसकल्याची जखम असेल, तर बांधाबांधीत वेळ न घालवता रुग्णाला त्वरेने इस्पितळात पोहोचवावे, हेही आता मान्य झाले आहे.

हा इतिहास आपल्या दाराशी येऊन पोहोचतो. आपल्याकडे कण्याच्या दुखापती केवळ महामार्गावरच होत नाहीत. माडावरून, आंब्याच्या झाडावरून, बांधकामाच्या परांचीवरून पडूनही होतात. माडाखाली पडलेल्या माणसाला दोघांनी बगलेत व पायांना धरून उचलायचे, रिक्षात दुमडून बसवायचे आणि धावत सुटायचे, ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ साली सुरू झाली. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीवरही उतारा मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर आता आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

मग आपण काय करावे? प्रथम १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. जखमी शुद्धीवर असेल, तर त्याला हलू नकोस, मान वळवू नकोस असे शांतपणे सांगावे. एकाने डोक्याशी बसून त्याचे डोके आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरावे. ओढू नये, सरळ करू नये. उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. मानेचा पट्टा बांधण्याचे काम प्रशिक्षित माणसावर सोपवावे. श्वास आणि रक्तस्राव यांना मात्र कण्याच्याही आधी स्थान आहे. श्वास अडत असेल, तर वायुमार्ग मोकळा करावाच. रक्त वाहत असेल, तर जखम दाबून धरावीच. वांती होऊ लागली, तर तिघाचौघांनी मिळून डोके, धड व पाय एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे कुशीवर वळवावे. आग, पाणी वा भरधाव वाहने यांचा धोका असेल, तरच त्याला तेथून हलवावे, तेही शरीर एका रेषेत ठेवून. आपल्या गावातील प्रत्येक वाडीत, प्रत्येक युवक मंडळात अशी चार माणसे तयार करणे अवघड नाही. एका रविवारची दुपार त्यासाठी पुरेशी आहे.

मदतकर्त्याला संरक्षण देणारी ही तरतूद ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो दयाळू शोमरोनी आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याच्या दाखल्यातील एक बारकावा आपल्या नजरेतून सहसा निसटतो. जखमी माणूस दिसताच तो त्याला जनावरावर घालून निघत नाही. आधी तो जवळ जातो, जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्या बांधतो आणि मगच त्याला उचलतो. संत लूकने हा क्रम नोंदवून ठेवला आहे.