वास्तूची परीक्षा : हैदराबादच्या इतिहासातून एक विचार

वर्धापन महोत्सवाच्या प्रसंगी मठाच्या परंपरेचे, गुरुजनांच्या तपश्चर्येचे आणि भक्तमंडळींच्या सेवेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वास्तूच्या छायेत ही तपश्चर्या आणि ही सेवा नांदली, तिचे स्मरण आपण क्वचितच करतो. वास्तूची स्तुती होते ती वास्तुशांतीच्या दिवशी आणि तिच्याविषयी तक्रार होते ती छत गळू लागल्यावर. या दोन प्रसंगांच्या मधल्या दीर्घ काळात ती आपले काम नीट करीत आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. वास्तूचा गुण मोजता येतो काय, येत असल्यास कोणत्या मापाने आणि केव्हा मोजावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्या हैदराबाद नगरीत आपण राहतो, तिच्या इतिहासात या प्रश्नाची अनेक उत्तरे विखुरलेली आहेत. ती एका सूत्रात ओवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या शास्त्राकडे वळू. इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत वास्तुविद्येचे प्रकरण घातले. त्यात भूमीच्या परीक्षेची रीत सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर अधम. दुसरी रीत अशी की, खड्डा पाण्याने भरावा, शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. हे विधान श्रद्धेवर सोडलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने स्वतः खणून, भरून, चालून पाहावे, अशी ही परीक्षा आहे.

याच्याच जोडीला आयादि गणित येते. मानसार, मयमत इत्यादी ग्रंथांत वास्तूच्या मापांवरून आय, व्यय, योनी, नक्षत्र, वार आणि तिथी काढण्याच्या रीती आहेत. त्या ग्रंथपरत्वे थोड्या भिन्न आहेत. त्यांपैकी एका रीतीप्रमाणे मापास आठाने गुणून बाराने भागावे, शेष राहील तो आय. नवाने गुणून दहाने भागावे, शेष राहील तो व्यय. माप २५ हात घेतले तर आय ८ आणि व्यय ५ येतो. आय अधिक, म्हणून माप ग्राह्य. तेच ३१ हात घेतले तर आय ८ आणि व्यय ९ येतो. व्यय अधिक, म्हणून माप त्याज्य. पाठशाळेत हे गणित शिकताना विद्यार्थ्याला मोठे कौतुक वाटते. तथापि थोडा विचार केल्यावर ध्यानात येते की, ही परीक्षा पाया घालण्यापूर्वीची आहे. ती बांधणाऱ्याच्या हाताला शिस्त लावते आणि मनमानी मापांना आळा घालते. परंतु त्याच २५ हातांच्या मंडपात आषाढात पाणी शिरते की नाही, हे ती सांगत नाही.

दुसरी परीक्षा विस्मयाची. वेरूळचे कैलास मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, एकाच खडकातून वरून खाली कोरले गेले. त्याच घराण्यातील कर्काच्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. ते पाहून देवही चकित झाले आणि खुद्द शिल्पीलाही, हे आपल्या हातून कसे घडले, याचे आश्चर्य वाटले, असा त्याचा आशय आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात वास्तूचे तीन गुण सांगितले होते: दार्ढ्य, उपयोग आणि सौंदर्य. ताम्रपटातील विस्मय हा यांतील तिसऱ्या गुणाचा पुरावा होय. हा गुण डोळ्यांना तत्काळ दिसतो आणि म्हणूनच उरलेले दोन त्याच्या तेजाने झाकले जाण्याचा संभव असतो.

आता आपल्या नगरीकडे येऊ. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी सुमारे एक किलोमीटर दूर, टेकडीच्या माथ्यावरील बाला हिसारापर्यंत ऐकू जाते, हे येथील प्रत्येक यात्रेकरूस ठाऊक आहे. आज ती गंमत वाटते. परंतु गडावरील लोकांना खालची वार्ता क्षणात कळविणे ही त्या काळची गरज होती. येथे वास्तूचा गुण शोधण्यास ग्रंथ लागत नाही की गुणपत्रक लागत नाही. खाली एकाने टाळी वाजवावी आणि वर दुसऱ्याने कान द्यावा, एवढी परीक्षा पुरते. चारशेहून अधिक वर्षे ही परीक्षा कोणी ना कोणी घेत आले आहे आणि वास्तू तीत उत्तीर्ण होत आली आहे.

सर्वच परीक्षा इतक्या सौम्य नसतात. १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशाहाने मुसी नदीच्या दक्षिणतीरी चारमिनार केंद्रस्थानी ठेवून नवे नगर वसविले. त्यानंतर तीन शतकांनी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसीला महापूर आला. सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज सांगितला जातो. नदीकाठच्या रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड पुढे एका शतकाहून अधिक काळ लोकांच्या स्मरणात राहिले. पक्की घरे वाहून गेली आणि झाड टिकले, ही गोष्ट नगररचनेच्या परीक्षेतील कठोर उत्तर होय.

त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याच्या महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे अभियंते महाराष्ट्रास परके नव्हते. त्यांनी विचार केवळ नदीच्या काठाचा केला नाही. पाऊस किती पडला, तो कोणत्या खोऱ्यातून आला, वरच्या बाजूचे तलाव कोठे फुटले, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि नगराच्या वर मुसी व ईसी या नद्यांवर दोन जलाशय बांधण्याची सूचना केली. उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. १९०८ चा प्रलय त्यानंतर त्याच रूपात पुन्हा आला नाही. परंतु २००० सालच्या ऑगस्टमध्ये आणि २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीने नगराचे कित्येक भाग पाण्याखाली गेले, कारण नगरातीलच नाले आणि तलाव यांवर वस्ती चढली होती. रचना उत्तम असली तरी तिच्याभोवतीचे आचरण बिघडले म्हणजे तिचा प्रभाव उणावतो, हा येथील बोध आहे.

बांधण्यापूर्वी चौकशी कशी करावी, याचे उदाहरण उस्मानिया विद्यापीठाने घालून दिले. विद्यापीठाची स्थापना १९१८ ची. कायमच्या इमारती बांधण्याचा विचार निघाला, तेव्हा सय्यद अली रझा आणि झैन यार जंग या दोघा जाणकारांना देशोदेशीची विद्यापीठे पाहण्यासाठी पाठविण्यात आले. त्यानंतर बेल्जियन वास्तुकार अर्नेस्ट जॅस्पर यांच्याकडे आराखड्याचे काम सोपविले गेले. कला महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १९३४ साली बसली आणि १९३९ साली तिचे उद्घाटन झाले. तिच्या कमानी इस्लामी घडणीच्या असून स्तंभांत अजिंठा-वेरुळाची छाया दिसते. गुलाबी छटेच्या ग्रॅनाइटची ही इमारत आजही विद्यार्थ्यांनी गजबजलेली आहे. आधी दुसऱ्यांच्या वास्तू वापरात असताना पाहाव्या आणि मग आपली आखावी, ही दृष्टी अनुकरणीय आहे.

याउलट उस्मानिया रुग्णालयाची कथा मनाला विषण्ण करणारी आहे. व्हिन्सेंट एश यांनी आखलेली ही मुसीकाठची भव्य इमारत १९२५ च्या सुमारास पूर्ण झाली. उंच छते, रुंद सज्जे, खेळता वारा यांमुळे रुग्णास स्वास्थ्य मिळावे, हा तिचा हेतू होता आणि पिढ्यान्‌पिढ्या गोरगरिबांनी त्याचा लाभ घेतला. २०१५ साली ती पाडून नव्या इमारती उभारण्याचा विचार शासनाने प्रकट केला, तेव्हा वारसा जपणाऱ्यांनी त्यास विरोध केला. एक पक्ष म्हणे, इमारत धोक्याची झाली. दुसरा म्हणे, दुरुस्ती केल्यास ती सुदृढ राहील. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी थेट रुग्णांच्या खाटांखाली आले आणि त्याच महिन्यात जुनी इमारत रिकामी करून बंद करण्यात आली. पुढे ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची कोनशिला बसली. या वादाचा निवाडा करणे हा माझा अधिकार नव्हे. परंतु एक प्रश्न सर्वांनी स्वतःला विचारावा असा आहे. अशा प्रसंगी दोष वास्तूच्या रचनेत असतो की तिच्या निगेत? दरवर्षीची नोंद जवळ असेल तर या प्रश्नाचे उत्तर पुराव्याने देता येते. नसेल तर उरतो तो केवळ वाद.

आधुनिक काळात गुण मोजण्याचे आकडेबद्ध प्रयत्न झाले आणि त्यांतही हैदराबादचे नाव अग्रभागी आहे. हायटेक सिटीजवळील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर ही इमारत वास्तुकार करण ग्रोव्हर यांनी आखली. १४ जुलै २००४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. अमेरिकेतील ‘लीड’ या मूल्यमापन पद्धतीत स्थळ, पाणी, ऊर्जा, साहित्य, आतील हवा इत्यादींसाठी मिळून तेव्हा ६९ गुण ठेवलेले होते आणि ५२ वा अधिक गुण मिळविणाऱ्या वास्तूस ‘प्लॅटिनम’ ही सर्वोच्च श्रेणी मिळे. या इमारतीने ५६ गुण मिळविले. अमेरिकेबाहेर हा मान मिळविणारी ती पहिलीच वास्तू. मध्ये गोल चौक, भिंतींना जाळ्या, छपरावर हिरवळ, येणारी हवा थंड करणारे वातमनोरे आणि वनस्पतींच्या मुळांनी सांडपाणी शुद्ध करण्याची सोय अशी तिची रचना आहे. चौक आणि जाळी पाहून आपल्या जुन्या वाड्यांची आठवण न होणारा मराठी माणूस विरळाच.

येथेही विवेक हवा. २००८ साली अमेरिकेत अशा प्रमाणपत्र मिळालेल्या १२१ इमारतींच्या प्रत्यक्ष वीजवापराचा अभ्यास झाला. सरासरीने त्या बऱ्या ठरल्या. परंतु एकेक इमारत घेऊन पाहता काहींनी अपेक्षेहून पुष्कळ कमी तर काहींनी पुष्कळ अधिक वीज वापरली होती. कागदावरचे गुण आणि वापरातले गुण नेहमी जुळत नाहीत, हे त्यातून सिद्ध झाले. आपल्या देशातही ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कचेऱ्यांना तारे देण्याची पद्धत काढली, ती वर्षभराच्या खऱ्या वीजवापरावर आधारलेली आहे. इंग्लंडात याच शतकाच्या आरंभी ‘डिझाइन क्वालिटी इंडिकेटर’ नावाची प्रश्नावली निघाली. तिने व्हिट्रुव्हियसचेच तीन गुण नव्या शब्दांत घेतले. मात्र तिने उत्तर देणाऱ्यांत वास्तुकारासह वापरणाऱ्यालाही बसविले आणि आराखड्यापासून वास्तव्यापर्यंत निरनिराळ्या टप्प्यांवर प्रश्न विचारले.

या सर्व इतिहासाचे सार असे की, वास्तूची परीक्षा तीनदा व्हावी लागते. पहिली पायाआधी, जशी वराहमिहिराने आणि उस्मानिया विद्यापीठाने केली. दुसरी पूर्णतेच्या वेळी, जशी ताम्रपटातील विस्मयाने आणि ‘लीड’च्या गुणांनी होते. तिसरी वापरात, वर्षानुवर्षे, जशी टाळीने, पुराने आणि विजेच्या देयकाने होते. पहिल्या दोहोंसाठी विद्वान आणि समारंभ मिळतात. तिसरी मात्र अनाथ राहते, आणि खरा निर्णय तिच्याच हाती असतो.

आपल्या मठाच्या वास्तूचा विचारही याच दृष्टीने व्हावा, अशी नम्र विनंती आहे. सभामंडप वाढवावा, नवे अन्नछत्र बांधावे, असे विचार अशा प्रसंगी भक्तमंडळींच्या मनात येतात आणि ते स्तुत्यच आहेत. त्याआधी आपण काही साधे प्रश्न विचारू या. कीर्तनात शेवटच्या रांगेतील माउलीला शब्द स्पष्ट ऐकू येतो काय? वृद्ध भक्ताला पायरी चढताना आधार मिळतो काय? पंगतीच्या वेळी धूर कोठे जातो? पावसाळ्यात पाणी कोठे साचते? वैशाखात दुपारी पाठशाळेतील मुले कोठे बसतात? उत्तरे एका वहीत लिहून ठेवावी आणि दर वर्धापनदिनी, पादुकापूजन झाल्यावर, ती वही उघडून मागील वर्षाशी ताडून पाहावी. त्यासाठी धन लागणार नाही. लागेल ते ऐकण्याचे धैर्य. ज्याने देणगी दिली त्याचे नाव शिलेवर कोरले जाते, ते योग्यच आहे. परंतु ज्याला पायरी चढवत नाही, त्याचे म्हणणे त्या वहीत आले पाहिजे.

देह हे साधन आहे, म्हणून साधक त्याची निगा राखतो. वास्तू हे अनेकांच्या साधनेचे साधन आहे. तिची वेळोवेळी परीक्षा घेणे हीही गुरुसेवाच होय, एवढे श्रीचरणी निवेदन करून हा लेख पुरा करतो.