जावयाचं घड्याळ

सोयाबीनची रास झाली, माल लातूरच्या आडतीवर गेला आणि पट्टी हातात आली की शिरूर अनंतपाळची खरेदी सुरू होते. दसरा ते दिवाळी, एवढेच काय ते दिवस. कपडे होतात, भांडी होतात, भाव बरा लागला असेल तर सोन्याचे दोन मणी होतात. आणि घरात नवा जावई असेल तर दिवाळसणाला त्याच्यासाठी घड्याळ. मोबाइल आल्यावर हे घड्याळ यादीतून जाईल असं पुष्कळांना वाटलं होतं. ते गेलं नाही. उलट पंचविशीतली मुलं आता दुकानात 'क्लासिक' मागतात: गोल केस, पांढरी डायल, बारीक काटे, चामड्याचा पट्टा. त्यांना हे रूप नवं वाटतं. घरातला जुना अल्बम काढला तर आजोबांच्या लग्नाच्या फोटोत, मुद्दाम पुढे धरलेल्या डाव्या मनगटावर नेमकं हेच घड्याळ दिसेल.

लग्न आणि वेळ यांचं नातं घड्याळाहून फार जुनं आहे. मुहूर्तासाठी तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यावर ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटिका झाली. घटिका म्हणजे २४ मिनिटं, आणि अशा ६० घटिकांची एक दिवसरात्र. वेळ गावातल्या सूर्याची होती, जोशीबुवांच्या पात्रात मोजली जात होती, आणि शेजारच्या गावाशी ती जुळवण्याची कुणाला गरज नव्हती. ती गरज रेल्वेनं आणली. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरला पोचली. प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी रेखांशावर, आणि शिरूर अनंतपाळ तिच्या पश्चिमेला पावणेसहा अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमचा सूर्य घड्याळाच्या सरासरी तेवीसेक मिनिटं मागे चालतो. म्हणजे जवळजवळ एक घटिका! आज लग्नपत्रिकेवर '१२ वाजून ३५ मिनिटांनी' असं छापतात आणि गुरुजी अक्षता पडायच्या आधी मनगटाकडे पाहतात, तेव्हा ती वेळ आमच्या आभाळातल्या सूर्याची नसते. रेल्वेच्या वेळापत्रकाची असते.

पण ही वेळ मनगटावर चढली कशी? मुळात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना होता. पॅरिसच्या ब्रेगे या कारागिरानं नेपल्सच्या राणीसाठी १८१० साली हाती घेतलेलं घड्याळ हे याच्या पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. पुरुष घड्याळ खिशात ठेवत आणि मनगटावरचं घड्याळ बायकी समजत. हा समज लढाईनं मोडला. तोफखान्याचा मारा आणि पायदळाची चाल एकाच मिनिटाला व्हायची, तर सैनिकाला वेळ सारखी दिसली पाहिजे, आणि दोन्ही हात तर बंदुकीत गुंतलेले. म्हणून खिशातल्या छोट्या घड्याळांना दोन बाजूंनी तारेच्या कड्या डाकवल्या गेल्या आणि त्यांतून पट्टा ओवला गेला. पहिल्या महायुद्धानं हे घड्याळ पुरुषांचं केलं. आज केसच्या वरखाली पट्टा धरणारे जे चार पाय आपण पाहतो, ते त्या कड्यांचे वंशज.

त्या युद्धात मराठा पलटणीही होत्या. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्यांनी हाल सोसले. हिंदी फौजेसाठी घड्याळं विकणाऱ्यांत वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव मोठं होतं. मुंबईत १८८६ पासून पाय रोवून असलेल्या या कंपनीच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव होतं 'सोवार', म्हणजे घोडेस्वार. फाव्र-ल्यूबा ही स्विस पेढी तर तिच्याही आधी हिंदुस्थानात आली होती. युद्धानंतर शिपाईगडी घड्याळाचे कंगोरे घासले गेले. १९३२ साली पातेक फिलिपनं 'कालात्राव्हा' काढलं: जेमतेम ३१ मिलिमीटरची साधी गोल केस, डायलवर गरजेपलीकडे काही नाही. आज जगभर ज्याला क्लासिक म्हणतात त्याचा साचा त्या दशकात पक्का झाला.

निजामाच्या मराठवाड्यात यातलं फारच थोडं पोचलं. परदेशी घड्याळ मास्तरांच्या किंवा एखाद्या मोठ्या वाड्यातल्या मालकाच्या हातात दिसायचं. जावयाला घड्याळ द्यायचं ही गोष्ट सर्वसाधारण कुणब्याच्या आवाक्यात आली ती १९६१ नंतर, आणि ती आणली बंगळुरूनं.

हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे एच.एम.टी., हा तिथला सरकारी कारखाना १९५३ साली यंत्रं बनवण्यासाठी उभा राहिला. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून त्यानं १९६१ साली घड्याळं काढायला सुरुवात केली. पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे 'जनता' आलं आणि घराघरांत गेलं. सतरा ज्वेल्सचं, चावीचं मशीन. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणकाचे चिमुकले खडे. चाकांचे आस त्यांच्यात फिरतात आणि झिजत नाहीत. आतला बॅलन्स तासाला अठरा हजार ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. सकाळी सात पाचच्या आकाशवाणीच्या बातम्यांआधी टोले पडायचे, त्यांवर काटे मिळवायचे आणि चावी द्यायची, हा कित्येक घरांचा नेम होता. त्याच कुळात सोना, पायलट, कोहिनूर, तरुण, जवान, रजत, अविनाश झाले. नावं पाहा: बहुतेक आपल्या घरातली. जनताची एक डायल तर देवनागरी अंकांची होती. एका सरकारी कारखान्यानं शेतकऱ्याच्या मनगटावर त्याच्या लिपीत वेळ लिहिली, ही गोष्ट मला त्या घड्याळाच्या मशीनइतकीच मोलाची वाटते.

आणि इथेच कथेतली अवघड बाजू येते. हुंडाबंदीचा कायदा अमलात आला तोही १ जुलै १९६१ रोजी. ज्या वर्षी हुंडा गुन्हा ठरला, त्याच वर्षी हुंड्याच्या यादीत पुढे वर्षानुवर्षं टिकून राहिलेली वस्तू तयार व्हायला लागली. घड्याळ, अंगठी, सायकल, रेडिओ. नंतर सायकलीच्या जागी मोटारसायकल आली, घड्याळ मात्र राहिलं. सोनेरी केसचं ऑटोमॅटिक 'कांचन' तर नवरदेवाचंच घड्याळ म्हणून ओळखलं गेलं. ते सहजी मिळायचं नाही, म्हणून ओळखी काढाव्या लागायच्या. कायदा आजही सांगतो की मागणी न करता दिलेली रिवाजाची भेट, यादीत नोंदवून, चालते. पण बैठकीत 'आमचं काही मागणं नाही, तुमच्या हौसेनं काय द्यायचं ते द्या' असं म्हणण्यात मागणी कशी बसलेली असते, ते मुलीच्या बापाला पक्कं ठाऊक असतं. मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या घड्याळांच्या मागे आडत्याची उचल आहे. कुळकथा सांगायची तर हे गाळून सांगता येणार नाही.

आमच्या भागाला हैदराबादही जवळचं. तिथल्या ऑल्विन कारखान्यानं, ज्याचा जन्म १९४२ सालचा, जपानच्या सिकोच्या साहाय्यानं ऐंशीच्या दशकात घड्याळं काढली. मग आलं टायटन: टाटा आणि तमिळनाडू सरकारचं महामंडळ यांची १९८४ सालची भागीदारी, कारखाना होसूरला. सेलचं घड्याळ, चावी नाही, महिन्याला काही सेकंदांचीच चूक. टायटननं घड्याळ भेटवस्तू म्हणूनच विकलं, नवरानवरीची जोडघड्याळं काढली, आणि एच.एम.टी. मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. बंगळुरूहून त्या नावाची घड्याळं थोड्या प्रमाणात अजूनही विकली जातात, आणि आता लोक ती शोधून घेतात.

तेव्हा यंदा लातूरच्या गंजगोलाईत, अंबाबाईच्या देवळाभोवती फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एखाद्यावर घड्याळ घ्यायला उभे राहाल, तर आधी आकार पाहा. जनता ३५ मिलिमीटरच्या आसपासचं होतं आणि मजबूत मनगटावरही शोभायचं. बेचाळीस-चव्वेचाळीसचं मोठं चाक क्लासिक होत नाही. केसचे पाय मनगटाच्या कडेबाहेर लोंबले की ते घड्याळ आपलं नाही. सोनेरी रंग मोहात पाडतो, पण मुलामा घामानं कडांवर उडतो आणि खालचं पितळ दिसतं. जुन्या जनताची क्रोमची केससुद्धा अशीच झिजायची. साधं स्टील घ्या. मागे '३० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते पाण्याच्या शिंतोड्यांपुरतं धरा; विहिरीत पोहण्यापुरतं नाही. लातूरच्या उन्हाळ्यात चामड्याचा पट्टा लवकर कुजतो, म्हणून एक कापडी पट्टा बरोबरच घेऊन ठेवावा.

जुनं एच.एम.टी. घ्यायचं असेल तर डायल भिंगाखाली पाहा. बाजारात नव्यानं रंगवलेल्या डायली फार आहेत, त्यातही देवनागरी अंकांच्या. अक्षरांच्या कडा फाटलेल्या, मिनिटांच्या रेघा असमान, रंग नको तितका ताजा दिसला तर सोडून द्या. आतलं तेल वाळतं, त्यामुळे चार-पाच वर्षांनी घड्याळजीकडून मशीन खोलून साफ करून घ्यावंच लागतं. तुमच्या तालुक्यात चावीचं मशीन खोलणारा हात अजून आहे का, हे घड्याळ घेण्याआधी विचारा. नसेल तर सेलचं घ्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त बंद पडलेला सेल आत तसाच ठेवू नका, तो पाझरला की मशीन जातं.

आणि शक्य असेल तर पोरांनो, हे घड्याळ दिवाळसणाची वाट न पाहता स्वतःच्या पट्टीतून घ्या, त्या पट्टीत घरातल्या बायकांची खुरपणी आणि काढणी आहे हे धरून, तेव्हा एक बायकोसाठीही. चावीचं असेल तर रोज एकाच वेळी चावी द्या, दोन बोटांनी, हलक्या हातानं. अडकलं की थांबा, त्यापुढे जोर लावू नका.