खोताचे गाव आणि पुण्यातला एक दिवस

पुणे स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर दोन इमारती जवळजवळ उभ्या आहेत. एक पेशवे दफ्तर, दुसरी कौन्सिल हॉल. पहिलीत मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवले आहेत. दुसरीत 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेच्या पुणे अधिवेशनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुण्याच्या इतिहासावर एवढी पुस्तके निघाली, पण हा दिवस त्यांत शोधून काढावा लागतो.

माझे मूळ गाव मंडणगडच्या खाडीकाठचे. गाव म्हणायचे एवढेच. एक वाडी खाडीला, दुसरी डोंगराच्या पोटाला, तिसरी मध्ये ओढा टाकून पलीकडे. आमची घरे सात, सगळ्यांच्या शेवटी. घाटावरचा वाचक गाव म्हटले की चावडी, पेठ, गावकूस डोळ्यांसमोर आणतो. कोकणात तसे गावकूसच नव्हते. माणसे विखुरलेली होती आणि या विखुरलेल्या माणसांच्या मधोमध खोत बसलेला होता. त्याला एकेका कुळाशी वेगवेगळे बोलता येई. सात घरांचा आवाज तो किती?

खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा. गावाचा ठरलेला आकार सरकारात भरायचा आणि कुळांकडून जास्तीत जास्त उकळून मधली रक्कम आपली करायची, हा त्याचा व्यवहार. भातजमिनीचे निम्मे पीक द्यायचे ते अर्धेल, वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा ते तिर्धेल. शिवाय आठ दिवसांतून एक दिवस वेठ. इंग्रजांनी 1880 च्या खोती कायद्याने या पद्धतीला चौकट घातली, पण खोत खोतच राहिला. हे खोत बहुतेक ब्राह्मण. पण मराठे होते, मुसलमानही होते. आणि कुळांत कुणबी, आगरी, महार असे सगळेच होते. ज्यांना जात आणि वर्ग हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, त्यांनी खोताच्या अंगणात कोण कुठे उभा राही एवढे पाहावे. कुणबी कूळ पायरीशी, आमचा आजा पायरीपासून दहा पावले लांब. भात मात्र दोघांचेही त्याच कणगीत.

आजी सांगे, खोताने माप भरून घेतले, पण पावती कधी दिली नाही. ‘कागूद मागितला असता तर जमीन गेली असती,’ हे तिचे वाक्य. मी त्या वेळी शाळेत होतो. या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे पेशवे दफ्तराच्या वाऱ्या कराव्या लागल्या. त्या रुमालांत जमीन आहे, आकार आहे, वतनदारांचे तंटे आहेत. वेठ करणारा दिसलाच तर दुसऱ्याच्या कैफियतीत दिसतो. ज्याच्याकडे कागद, त्याचा इतिहास.

विधेयक एका दिवसात सुचलेले नव्हते. 14 एप्रिल 1929 रोजी चिपळूणला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्ह्याची शेतकरी परिषद झाली. 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरीला नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी संप पुकारला. जमीन कसायचीच नाही, असा तो संप. पंचवीस गावांत पसरला आणि सहा वर्षे टिकला. हे संपकरी बहुतेक आगरी. 1934 मध्ये बाबासाहेब त्या चरीतही गेले. अस्पृश्यांचा पुढारी म्हणून त्यांना एका कप्प्यात बसवणाऱ्यांनी ही गोष्ट जाणूनबुजून विसरली, असे माझे मत आहे. आपल्याकडचेही काही लोक विसरतात.

विधेयकात खोतांना वाजवी भरपाई होती आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क होता. यात भडक असे काय होते? तरीही सत्तेवरच्या काँग्रेसने ते पुढे जाऊ दिले नाही. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक बाबासाहेबांबरोबर होते. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांनी शिष्टमंडळाचे ऐकून घेतले. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, म्हणजे विधेयकानंतर बारा वर्षांनी.

या बारा वर्षांत आमच्या वाडीतली निम्मी माणसे मुंबईला गिरणीत गेली. कायदा आला तेव्हा कसणारा कोण, याला पुरावा हवा होता. ज्याच्या नावाची कागदावर नोंद, तो मालक झाला. आमच्याकडे आजीचे ते वाक्य होते. भाताचे दोन तुकडे गेले, राहिली घराखालची जागा. तीही कोणाच्या नावावर, यावर चुलत्यांनी तलाठ्याकडे कितीदा खेपा घातल्या.

गेल्या पावसाळ्याआधी गेलो तेव्हा सातांपैकी दोन घरांत माणसे होती. उताराला दगडी खांब रोवलेले दिसले. जागा पुण्याच्याच कोणीतरी घेतली म्हणे. म्हाताऱ्या काकीने मला बाजूला घेऊन विचारले, ‘तू दफ्तरात जातोस ना? आपल्या रातांब्याच्या झाडाखालची जागा कुणाच्या नावावर हाय, तेवढं बघून ये.’