पाठीखालचा इतिहास

मराठीत ‘गादी’ हा शब्द मोठ्या मानाचा आहे. इतिहासाची पुस्तके उघडली की सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी. मठात गेले की गुरूची गादी. पेढीवर गेले की शेटजींची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहाने छत्रपतींच्या दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या गादीवर आपण रोज रात्री पाठ टेकतो आणि आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा काढतो, तिचा इतिहास विचारला तर भलेभले गप्प बसतात. फराळ आटोपून, लोडाला टेकून हा अंक चाळणाऱ्या वाचकासमोर मी तोच इतिहास मांडणार आहे. कारण अलीकडे घरोघर एक प्रश्न येऊन ठेपला आहे. कोणाची तरी पाठ दुखत असते, आणि दुकानदार सांगत असतो की जुन्या गादीवर मेमरी फोमचा एक थर अंथरा, दुखणे पळेल. या थराला बाजारात ‘टॉपर’ म्हणतात. घ्यावा की न घ्यावा? याचे उत्तर दुकानातल्यापेक्षा इतिहासात अधिक चांगले मिळते, असे माझे मत आहे.

माणूस अंथरूण कधीपासून घालू लागला? दक्षिण आफ्रिकेतील सिबुडू नावाच्या गुहेत सुमारे ७७,००० वर्षांपूर्वीचे अंथरूण सापडले आहे. पाणवठ्याकाठच्या गवताचे थर आणि त्यांवर एका झाडाची पाने, असे त्याचे स्वरूप. मौज अशी की ती पाने किडामुंगी दूर ठेवणारी आहेत. म्हणजे अंथरुणाची पहिली चिंता कीटकांची आणि जमिनीच्या गारठ्याची होती. पाठीच्या कण्याची चिंता फार उशिरा आली.

आपल्याकडेही तेच. शेतकऱ्याच्या घरी घोंगडी, वाकळ आणि सुंभाने विणलेली बाज. जरा बऱ्या घरी नवारीचा पलंग आणि कापसाची गादी. या गादीचा खरा वैद्य म्हणजे पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन तो गल्लीत आला की तिच्या तातीचा टणत्कार आधी ऐकू येई. झोपून झोपून कापसाचे गोळे होतात, गादी मध्ये खचते. मग ती उसवायची, कापूस पिंजायचा, उन्हात घालायचा आणि पुन्हा भरून टाके घालायचे. दर दोन-तीन वर्षांनी जुनी गादी नवी होई. गादी खचली की तिच्यावर आणखी एक गादी टाकावी, असे त्या काळी कोणाच्या मनात येत नसे. खचलेलीच दुरुस्त करीत. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

पाठ तेव्हाही दुखतच होती. उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय कमरेला लावून घेत. पण पाठदुखी आणि अंथरूण यांची शास्त्रोक्त सांगड घातली ती पाश्चात्य वैद्यकाने. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी हाडे आणि सांधे यांच्या विकारांत दीर्घ, अखंड विश्रांतीचा मोठा पुरस्कार केला. पुढे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की दोन मणक्यांमधील चकती सरकून तिचा दाब मज्जातंतूवर पडला की पायात कळा येतात. झाले! पाठीतली ‘चकती’ सर्वतोमुखी झाली, आणि जागचे सरकलेले जागी राहावे म्हणून माणसाला सरळ, सपाट, कठीण फळीवर निजवण्याची पद्धत रूढ झाली.

माझ्या लहानपणी आईची कंबर धरली तेव्हा आमच्या घरी ही फळी आली. गावातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी सांगितले : गादी काढा, फळी घाला, वर एक सतरंजी, आणि तीन आठवडे उठायचे नाही. आईने ते व्रतासारखे पाळले. तीन आठवड्यांनी कंबरेचे दुखणे थोडे उतरले. पण उठून उभी राहिली तेव्हा तिचे पाय लटपटत होते. स्वयंपाकघरापर्यंत ती भिंत धरून गेली, आणि पुन्हा पहिल्यासारखी चालायला तिला पावसाळा उलटावा लागला. डॉक्टरांचा यात काही दोष होता असे मला वाटत नाही. त्या काळचे शास्त्रच तसे होते. पण अशा किती आया, किती वडीलधारी माणसे त्या फळीवर पडून अधिक दुबळी झाली असतील, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

शास्त्राची एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी. ते आपले मत तपासून पाहते. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात राहण्यास सांगितले, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांना काहीच तोटा झाला नाही. उलट त्यांचे कामाचे दिवस बरेच कमी बुडाले. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरांचा अनुभव त्याहून बोलका ठरला. काहींना दोन दिवस विश्रांती, काहींना पाठीचे व्यायाम, आणि काहींना ‘सोसवेल तितके रोजचे काम चालू ठेवा’ एवढाच सल्ला. लवकर बरे झाले ते हे तिसरे. सर्वांत सावकाश सुधारले ते अंथरुणात राहिलेले.

राहता राहिली फळी. २००३ साली स्पेनमध्ये दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या ३१३ माणसांना नव्या गाद्या देण्यात आल्या. कठीणपणा मोजण्याच्या युरोपीय मापात १ म्हणजे अत्यंत कठीण आणि १० म्हणजे अत्यंत मऊ. निम्म्यांची गादी २.३ ची, म्हणजे टणक; निम्म्यांची ५.६ ची, म्हणजे मध्यम. कोणाला कोणती मिळाली हे झोपणाऱ्याला सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर पाहिले तर मध्यम गादीवाल्यांची कंबर अधिक हलकी झाली होती. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. मात्र विटेऐवजी कापसाचा ढीग घ्यावा, असे त्या प्रयोगाने कोठेही म्हटलेले नाही.

आता मऊपणाची दुसरी परंपरा पाहू. फळीचे राज्य येण्याच्या पुष्कळ आधी, १८३२ साली, नील आर्नट या स्कॉटिश डॉक्टरांनी पाण्याची शय्या तयार केली. पाण्याने भरलेल्या पेटीवर रबर चढवलेले कापड, आणि त्यावर रोगी. हेतू चैनीचा नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शरीराचा भार थोड्याच ठिकाणी पडतो आणि तेथे शय्याव्रण होतात. पाणी तो भार सर्वत्र वाटून देते. हीच या परंपरेची मूळ कल्पना : भार वाटून देणे. पुढे १९२९ च्या सुमारास डनलॉप कंपनीत रबराचा चीक घुसळून त्याचा स्पंज करण्याची रीत निघाली. तिचे नाव आपल्या घरांत इतके रुळले की फोमची कोणतीही गादी ‘डनलॉपची’ झाली. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला, आणि १९५० नंतर त्याचा स्वस्त फोम खुर्च्यागाद्यांत शिरला.

मेमरी फोम हा याच घराण्यातला, पण त्याचा जन्म शयनगृहात झालेला नाही. १९६६ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने तो विमानातील आसनांकरता तयार केला. अपघाताचा दणका आसनाने शोषून घ्यावा आणि लांबच्या प्रवासात अंग अवघडू नये, हा उद्देश. हा पदार्थ दाबला की दबतो, आणि हात काढला की सावकाश, जणू आठवून आठवून, पहिल्या आकाराला येतो. अंगाच्या उबेने तो मऊ होतो, थंडीत ताठरतो. पुढे तो रुग्णांच्या उशागाद्यांत आणि खेळाडूंच्या शिरस्त्राणांत गेला; आणि १९९१ साली फागरडाला या स्वीडिश कंपनीने त्याची गादी बाजारात आणली. ‘अंतराळवीरांची गादी’ म्हणून जो डंका वाजतो त्यात सत्य एवढेच आहे. अंतराळसंस्थेने त्यास जन्म दिला. कंबरदुखीवर औषध म्हणून मात्र नव्हे.

हा सारा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला की निवड सोपी होते. पहिली गोष्ट पिंजाऱ्याची : खालची गादी खचली असेल तर वरचा थर व्यर्थ. दोन-तीन इंचांचा मऊ थर खालच्या खड्ड्याचा आकार घेतो. खड्डा बुजवीत नाही. उलट खालची गादी सपाट असून केवळ फार टणक असेल, कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा दुखत असेल, तर हा थर खरोखर उपयोगी पडतो. कारण भार वाटून देणे हेच त्याचे काम.

दुसरी गोष्ट वजनाची. फोमची घनता आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनमीटरला ५० किलो किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम सहसा जास्त टिकतो. हलका फोम लवकर बसतो. तो किती बुडतो हे मात्र झोपूनच पाहावे. उताणे निजून कंबरेखाली हात सरकवावा. हात सहज आरपार गेला तर अंथरूण टणक. मुळीच शिरला नाही आणि कंबर खोल गेली तर मऊ. पालथे झोपणाऱ्याने हा थर जपूनच घ्यावा. पोट बुडते आणि कंबरेला बाक येतो.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात हा फोम अंगाची ऊब धरून ठेवतो. महाबळेश्वरच्या थंडीत तोच आधी टणक लागतो. घरातील वृद्धांना त्यात कूस वळवणे आणि उठणे जड जाते, तेव्हा त्यांना आधी बसवून-निजवून पाहावे. तान्ह्या मुलाला मात्र यावर कधीच निजवू नये. तोंड मऊ फोममध्ये रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला सपाट, घट्ट अंथरूणच हवे. आणि पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा, अशक्तपणा, ताप किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर गादीचे दुकान नव्हे, तातडीने डॉक्टर गाठावा.

चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहारानंतर निद्रा येते. तिच्यासाठी चार पैसे खर्च करण्यात चैन नाही. परंतु अंथरुणाकडून औषधाची अपेक्षा केली की आपण पुन्हा त्या फळीपाशीच पोहोचतो. फरक इतकाच की तेव्हा कठीणपणावर विश्वास होता, आज मऊपणावर आहे. गादीने रात्र सुखाची करावी, एवढेच तिचे काम. पाठ बळकट होते ती दिवसाच्या चालण्याफिरण्याने.

दिवाळीच्या साफसफाईत गाद्या उन्हात निघतात. यंदा त्या परत आत घेताना तुमची गादी जमिनीवर सपाट पसरा, तिच्यावर आडवी एक सरळ काठी ठेवा आणि मध्ये किती पोकळी राहते ते पाहा. मग वर काय घालायचे ते ठरवा.