बीकॉम, बीएमएस केलंय. आता क्वांट फायनान्समध्ये जाता येईल का?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स अँड ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सचं नुकसान झालं.

मग कमावलं कोणी? खर्च वजा करण्याआधीचे २०२३-२४ चे आकडे पाहिले, तर स्वतःच्या पैशावर ट्रेडिंग करणाऱ्या प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी सुमारे ३३ हजार कोटी रुपये आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये कमावले. यातला ९६-९७ टक्के नफा अल्गो ट्रेडिंगचा होता.

हे अल्गो ज्या गणितावर चालतात, ते मांडणाऱ्यांना ‘क्वांट’ म्हणतात. बीकॉम, बीबीए, बीएमएसच्या अनेक विद्यार्थ्यांना आता या क्षेत्राचे वेध लागले आहेत. पण त्यांना तिथे प्रवेश मिळतो का?

क्वांट नेमकं काय करतात?

सगळेच ट्रेडिंग करत नाहीत. काही जण ऑप्शनची किंमत ठरवणारी मॉडेल्स बनवतात. बाजार कोसळला तर बँकेचं किती नुकसान होईल, याचा अंदाज काही जण बांधतात. दुसऱ्याने बनवलेलं मॉडेल बरोबर आहे का, हे तपासणारीही वेगळी टीम असते. तिच्या कामाला मॉडेल व्हॅलिडेशन म्हणतात.

अडचण कुठे येते?

फायनान्समध्ये नाही, गणितात. एक उदाहरण पाहू. दोन शेअर्सच्या किमती एकमेकांसोबत किती हलतात, हे बीकॉमचा विद्यार्थी सहसंबंधाच्या सूत्राने काढतो. पोर्टफोलिओत ५० शेअर्स असतील, तर अशा १,२२५ जोड्या होतात. त्या एकत्र हाताळायला मॅट्रिक्स लागतं आणि तिथून लिनिअर अल्जिब्रा सुरू होतं. किमती पुढे कशा बदलतील, यासाठी संभाव्यता आणि कॅल्क्युलस लागतं. १९७३ साली मांडलेलं ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक-शोल्स सूत्र याच पायावर उभं आहे. बिझनेसच्या पदवीत ते सूत्र वापरायला शिकवतात, क्वांटच्या कोर्समध्ये ते सिद्ध करायला लावतात.

महाराष्ट्रात ही दरी अनेकदा अकरावीतच पडते. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी एसपी, म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेता येतं. अशा विद्यार्थ्याला सुरुवात बरीच मागून करावी लागते.

जीआरईत चांगले मार्क असले तर?

जीआरईच्या गणित विभागात कमाल स्कोअर १७० असतो, पण त्यात कॅल्क्युलस नसतं. त्यामुळे १७० मिळाले तरी प्रवेश समितीला हवा असलेला पुरावा मिळत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा कॉम्प्युटेशनल फायनान्सचा कोर्स घ्या. तिथे कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता आणि प्रोग्रॅमिंग आधी झालेलं असणं अपेक्षित असतं.

मग तयारी कशी करायची?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा, मग संभाव्यता आणि संख्याशास्त्र, सोबत पायथन. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची या विषयांवरची व्याख्यानं मोफत आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क लागतं. ती परीक्षा दिलेली बरी, कारण ‘स्वतः शिकलो’ यापेक्षा मार्क दाखवणारा कागद जास्त उपयोगी पडतो. न्यूयॉर्कचं बारूक कॉलेज तर खास अशा तयारीसाठी प्री-एमएफई कोर्स चालवतं.

सीएफए किंवा एफआरएम केल्यास नोकरीसाठी उपयोग होतो, पण त्याने गणिताची जागा भरून निघत नाही.

भारतात राहून पर्याय आहेत का?

आहेत. पाँडिचेरी विद्यापीठात क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये एमएस्सी करता येतं. वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीचा दोन वर्षांचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा मास्टर्स कोर्स ऑनलाइन आहे आणि त्याला शिक्षणशुल्क नाही. प्रवेशाआधी गणिताची चाचणी मात्र द्यावी लागते. संख्याशास्त्राची आवड असेल, तर अ‍ॅक्च्युरियल सायन्सच्या परीक्षा हाही जवळचा रस्ता आहे. विम्यातली जोखीम मोजणाऱ्या या क्षेत्रात वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही जातात.

कर्ज काढण्याआधी काय तपासावं?

शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पैसे उचलल्यापासूनच लागतं. त्यामुळे गणित झेपतंय का, हे परदेशात पोहोचल्यावर कळणं फार महाग पडतं.

त्याआधी सहा महिने रोज दोन तास हेच विषय करून पाहता येतात. गणितं सोडवताना वेळेचं भान राहत नसेल, तर अर्ज जरूर करावा. प्रत्येक धडा ओझं वाटत असेल, तर फायनान्समध्ये गणित कमी लागणारी चांगली कामंही भरपूर आहेत. हा निर्णय घरबसल्या आणि जवळपास फुकटात होऊ शकतो.