रोजा आणि गर्भारपण : या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

रमजानमध्ये गरोदर बाईने रोजे ठेवावेत का, या प्रश्नाचा अभ्यास करू पाहणाऱ्यांनी आधी शास्त्रार्थ नीट समजून घ्यावा. आजारी आणि प्रवासी यांना कुराणानेच सवलत दिली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ती हदीसच्या आधाराने मिळते. राहिलेले रोजे पुढे कजा म्हणून भरून काढायचे. हनफी मतानुसार तेवढं पुरतं. शाफई मतानुसार, रोजा न ठेवण्याचं कारण फक्त बाळाची काळजी हे असेल, तर कजाबरोबर फिदयाही द्यावा लागतो, म्हणजे गरिबाला जेवू घालायचं. मराठवाड्यातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. तेव्हा बीडमध्ये मिळालेलं उत्तर रत्नागिरीत जसंच्या तसं लागू पडत नाही.

सवलत असूनही पुष्कळ बायका रोजे ठेवतात. सगळं घर सहरीला उठत असताना आपण झोपून राहायचं, आणि मग महिन्यांनी, मांडीवर तान्हं मूल घेऊन, एकटीने कजा भरायची, हे त्यांना अधिक जड वाटतं. या हिशेबाला अडाणीपणा म्हणणाऱ्याने या क्षेत्रात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शरीराची बाजू 1982 साली ‘लॅन्सेट’मधल्या एका निबंधाने ठळक केली. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत रात्रीच्या जेवणानंतर अठरा तास उपाशी राहिलं, तर रक्तातली साखर इतर बायकांपेक्षा लवकर उतरते आणि कीटोन वाढतात. मग बाळाचं काय? बर्मिंगहॅममधल्या तेरा हजारांहून अधिक पूर्ण दिवसांच्या बाळांच्या नोंदी 1990 मध्ये तपासल्या गेल्या. सरासरी जन्मवजनात फरक आढळला नाही. 2011 मध्ये डग्लस आमंड आणि भास्कर मजुमदार या अर्थशास्त्रज्ञांनी मात्र मिशिगनमधल्या अरब मातांच्या बाळांचं वजन किंचित कमी असल्याचं दाखवलं, आणि युगांडा व इराकमध्ये प्रौढपणीच्या अपंगत्वाशीही संबंध जोडला.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्यामुळे ऋतूचा परिणाम वेगळा काढता येतो. पण कोणत्या आईने खरोखर रोजे ठेवले, हे या नोंदींत नसतं. गर्भारपणात रमजान आला होता, इतकंच कळतं. शिवाय त्या महिन्यात झोप, जेवणाच्या वेळा, कामाचा भार, सगळंच बदललेलं असतं. 2018 मध्ये 22 अभ्यास एकत्र पाहिले गेले, तेव्हा जन्मवजनाशी किंवा दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीशी संबंध दिसला नाही. बाकी परिणामांबद्दल पुरावा अपुरा ठरला.

या सगळ्या वादात आई मागे पडली, ही माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. लोहाची गोळी दुपारी जेवणानंतर घेणारी बाई रमजानमध्ये ती कधी घेते? इफ्तारनंतर चहासोबत घेतली तर लोह अंगी कमी लागतं. गर्भारपणातल्या मधुमेहाची तपासणी घ्या. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. रोजा असलेली बाई तो पेला हातात घेत नाही, ‘ईदनंतर येते’ म्हणते, आणि तपासणीचे नेमके आठवडे निघून जातात. डॉक्टर रोजाबद्दल विचारत नाहीत. रागावतील म्हणून तीही सांगत नाही.

म्हणून पहिलं काम साधं आहे. तपासणीच्या कागदावर रोजाची नोंद हवी : किती ठेवले, कितव्या महिन्यात, सहरीला काय खाल्लं, पाणी किती प्यायलं. सध्या रमजान थंडीकडे सरकतो आहे. 2030 साली तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर सुरू होईल. लहान दिवसांच्या या रोजांच्या नोंदी आता झाल्या, तर पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना मे-जूनमधल्या लांब रोजांशी त्या ताडून पाहता येतील.